नव्वदला वाकवलं, सत्त्याऐंशीवर थांबलं

तीर्थस्वरूप मावशीस साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. वाकडं झालंय ते फक्त अ‍ॅल्युमिनियम, आणि तेही हवं तसं नाही.

तू बाबांशी भांडून कारखाना सोडलास आणि वाकवणीचं मशीन माझ्या गळ्यात पडलं. त्याच आठवड्यात मुलांच्या इस्पितळातल्या जिन्याच्या कठड्यांचं काम आलं: पोकळ सेक्शनच्या नळ्या, चाळीस नग, प्रत्येकाला बरोबर नव्वद अंशांचा बाक. म्हटलं, त्यात काय एवढं! काटा नव्वदवर आणला, दाब सोडला, तर गडी तीन अंश मागे. (बाबा म्हणाले, "धातू आहे तो, तुझा नवरा नाही, सांगितलं तिथे थांबायला." नवरा शेजारीच उभा होता.) मग त्र्याण्णवपर्यंत वाकवलं आणि जमलं. दिवसभर मी मान ताठ करून हिंडले. दुसऱ्या दिवशी नवा माल आला, जरा कडक. तो पाच अंश मागे, वर आतल्या बाजूला सुरकुत्या! सुरकुत्या पडू नयेत म्हणून सेक्शनच्या पोटात वाळू ठासली, पण टोकाचं बूच सैल ठोकलं. दाब देताच बूच उडालं आणि वाळू थेट बाबांच्या चहात. (ते इतके रागात होते की तसाच प्यायले.)

शेवटी डोकं शांत केलं. आता प्रत्येक नव्या मालाचे तीन तुकडे आधी वाकवून बघते, किती मागे येतात ते खडूने मशीनवरच लिहिते, बूच दोनदा ठोकते आणि मगच खऱ्या नगाला हात लावते. काल अडतीस नग मापाच्या फर्म्यात असे चपखल बसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी एकेकावरून हात फिरवला. म्हणाले, "हात मावशीवर गेलाय तुझा." आणि बाहेर निघून गेले.

तुझी, नखांत अजून वाळू असलेली,
भाची

ता. क. सुरकुतलेले दोन नग उरलेत. माल संपलाय आणि इस्पितळवाले सोमवारी येणार. त्यांच्या सुरकुत्या काढणं तुझ्याच हातचं काम आहे. येशील?

आणखी एक ता. क. बाबांचं म्हणणं, तू यायलाच पाहिजेस असं काही नाही. पण हे पत्र दाराच्या फटीतून सरकवणारे तेच आहेत. बेल दाबायचा त्यांना धीर होणार नाही, ते बाहेरच उभे असतील. दार उघड.