दोन आकड्यांची शाई

१४-११-९९

चि. धाकट्या वन्संस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. ह्यांचा खोकला आहे तसाच, आणि 'काही होत नाही' हा हेकाही तसाच.

पत्रास कारण सासूबाई. मूत्रपिंडं थकल्यापासून त्या तुमच्याकडे आहेत. सरकारी इस्पितळातली रक्त शुद्ध करणारी मशीनं तुम्हीच सांभाळता, म्हणून मी निर्धास्त होते. आता शेजारच्या मास्तरीणबाई म्हणतात, एक जानेवारीला कॉम्प्युटरला सन १९०० लागल्यासारखं वाटणार आणि सगळं बंद पडणार. त्या दिवशी शनिवार, म्हणजे सासूबाईंचा मशीनचा वार. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण शंभर वर्षं मागे गेलेल्या मशीनवर माणूस निजवू नये, एवढं मला कळतं. आदल्या दिवशी उरकून घ्या. मी देवापुढे दिवा लावला आहे. तो त्याचं बघेल, तुम्ही तुमचं बघा.

तुमची वहिनी

२३-११-१९९९

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

मास्तरीणबाईंचं निम्मं बरोबर आहे. पूर्वी कॉम्प्युटरमध्ये जागा महाग, म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवायची पद्धत पडली. तुमच्या पत्रावरची तारीख बघा! तुम्ही शाई वाचवता, त्यांनी जागा वाचवली. हा घोळ तुमच्यासारख्याच कुणा काटकसरी माणसाने घातला आहे.

म्हणून सरकारने पाणी, वीज, टेलिफोन, इस्पितळं, सगळ्यांना तालीम करायला लावली. रविवारी रुग्ण नसताना आम्ही मशीनांच्या तारखा पुढे ढकलल्या. मशीनं नीट चालली, पण त्यांना शुद्ध पाणी देणारा पंप थांबला. गाळणी बदलायला शंभर वर्षं उशीर झाला, असा त्याचा हिशेब! इस्पितळाचे साहेब आधी हसले, मग बाह्या सारून स्वतः पाइपाखाली शिरले. आता पंप दुरुस्त आहे. शिवाय तो पुन्हा थांबलाच तर हाताने फिरवायचं चाक बसवलं आहे, आणि नर्सबाईंपासून साहेबांपर्यंत सगळे ते फिरवायला शिकलो आहोत.

खरी भीती वेगळीच आहे. एक तारखेला नको, असं सगळेच रुग्ण म्हणतात. आदल्या दिवशी इतक्यांना निजवू कुठे? मशीनची पाळी चुकली तर छातीत पाणी भरतं. मीही आईला गुपचूप शुक्रवारी घालणार होते. तिला कळलं. म्हणाली, दुसऱ्यांच्या आया शनिवारी आणि स्वतःची तेवढी शुक्रवारी? पहिल्या खाटेवर माझं नाव लाव. लावलं आहे. ते पाहून बाकीचे हो म्हणू लागलेत.

वहिनी, इतकी तयारी करूनही मी रोज ते चाक पुन्हा फिरवून बघते. तुम्ही याल का?

तुमची नणंद

४-१२-९९

चि. वन्संस,
अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ऐकता ऐकता खोकायचे थांबले. म्हणाले, आईने आजवर कुणाचं ऐकलंय?

सासूबाईंवर रागावता येत नाही, म्हणून मी तुमच्यावरच रागावले होते. मग तो नाद सोडला आणि त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. त्या मशीनच्या खोलीत फार गारठा असतो म्हणे. जुन्याच लोकरीचा आहे, बोलू नका. तिकीट काढलं आहे. खाटेपाशी बसून जप करीन, मनातल्या मनात. तुमच्या मशीनला त्रास नको.

तुमची वहिनी

५-१-२०००

चि. वन्संस,
अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचले.

सासूबाई मशीनवर चक्क घोरत होत्या. तो आवाज ऐकूनच शेजारच्या खाटेवरचे आजोबा जरा सैल झाले. मी जप करत होते, पण लक्ष तुमच्याकडे. पाणी आपसूक येत होतं, तरी तुमचा हात त्या चाकावरून हलला नाही. साहेबांनी चहा पुढे केला, तुम्ही नुसती मान हलवलीत. माझ्या हातात माळ, तुमच्या हातात चाक. मला त्यात फारसा फरक दिसला नाही.

इथे किराणावाला म्हणतो, काहीच झालं नाही, सरकारने उगाच बाऊ केला. मी म्हटलं, दूध उतू गेलं नाही, म्हणजे शेगडीपाशी कुणी उभंच नव्हतं असं नाही. खरं आहे म्हणाला. वजनात मात्र हात आखडलाच.

काल जमाखर्चाच्या वहीत नवं पान घातलं. वर सन पूर्ण लिहिलं, चारही आकडी. आता रोज दोन आकड्यांची शाई जास्त जाईल. जाऊ दे.

सासूबाईंना साष्टांग नमस्कार. लोभ ठेवावा, त्याला मुदत घालू नये.

तुमची वहिनी