शाळेत आवाज उपलब्ध असल्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
शिक्षण विभाग.

अर्जदार : सरकारी कन्या माध्यमिक शाळेची माजी विद्यार्थिनी (शाळेतील टोपणनाव : भोंगा), सध्या छापखान्यात यंत्रचालक.

विषय : माझ्या मुलीच्या घशाची परिपाठाच्या कामातून सुटका करून शाळेच्या कपाटातील ध्वनिक्षेपक लावण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : "शाळेत आवाज उपलब्ध असल्याने ध्वनिक्षेपकाची आवश्यकता दिसून येत नाही" असे कळविणारी आपल्या कार्यालयाची आजवरची सर्व पत्रे.

महोदय,

१. संदर्भीय पत्रांत ज्या आवाजाचा उल्लेख आहे, तो माझा आहे. मी आठवीत असताना शाळेचा कर्णा बंद पडला. मैदान केवढे आहे हे आपण जाणताच. त्या दिवशी मी गच्चीवरून "सावधान" म्हटले आणि शेवटच्या रांगेतल्या मुलींचे पाय जुळले, शिवाय कुंपणाबाहेरचा टपालवालाही सायकलवरून उतरून उभा राहिला. तेव्हापासून परिपाठ माझ्याकडे आला. त्या वयात मला त्याचा अभिमान वाटे, आजही थोडा वाटतो, हे लपवीत नाही.

२. मी शाळा सोडली, पण आवाज सोडवून घेता आला नाही. शाळेने नव्या कर्ण्याची मागणी केली असता आपल्या कार्यालयाने कळविले की, आवाज माजी विद्यार्थिनीचा असला तरी ती त्याच गावात राहते. त्या शाळेत शिकलेल्या मुलीच पुढे तिथे शिक्षिका होतात. मुख्याध्यापिका माझ्या मागच्या बाकावर बसत, क्रीडाशिक्षिका माझ्या डब्यातले खात. मैत्रिणींना नाही म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही. त्यामुळे लग्न झाले, मूल झाले, तरी मी रोज कामावर जाण्यापूर्वी गच्चीवर चढून ओरडत होते.

३. पुढे घशात गाठ झाली व शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हापासून माझे बोलणे शेजारी बसलेल्यालाच ऐकू येते. छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात सगळेच खुणांनी बोलतात, म्हणून पोट तरी चालले आहे. ही हकीकत शाळेने आपणास कळविली. त्यावर "सदर माजी विद्यार्थिनीची कन्या याच शाळेत दाखल झाल्याचे समजते, सबब पर्यायी आवाज उपलब्ध आहे" असे उत्तर आले. महोदय, खाण तशी माती म्हणतात हे खरे, पण म्हणीवर कार्यालय चालविल्याचे मी प्रथमच पाहिले.

४. माझी मुलगी तिच्या वडिलांवर गेली आहे. दारात कोणी आले तर ती हाक मारीत नाही, आत येऊन हळूच सांगते. तिला छोटा भोंगा म्हणून गच्चीवर उभे करण्यात आले. गेल्या तपासणीच्या वेळी आपले साहेब गच्चीवरच तिच्यापासून हाताच्या अंतरावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना "सावधान" स्पष्ट ऐकू आले व त्यांनी "आवाज समाधानकारक" असा शेरा दिला. खाली पुढच्या रांगा तिचे हातवारे पाहून सावधानही झाल्या आणि विश्रामातही गेल्या. मागच्या रांगा पुढच्यांकडे बघून कशाबशा सावधान झाल्या, पण सावधानात इकडेतिकडे बघायचे नसल्याने व "विश्राम" न पोचल्याने उन्हात तशाच ताठ राहिल्या. दोघी मुली भोवळ येऊन पडल्या. त्यावर साहेबांनी शिस्तीचे कौतुक केले.

५. माजी विद्यार्थिनींनी आपसांत ठरवून शाळेला नवा ध्वनिक्षेपक भेट दिला. तो मुख्याध्यापिकांच्या कपाटात खोक्यासह पडून आहे, कारण सरकारी शाळेला भेटवस्तू वापरण्यास आपली परवानगी लागते, आणि आवाज उपलब्ध असल्याने ती मिळत नाही. दर शनिवारी मुली खोक्यावरची धूळ पुसतात. मुख्याध्यापिकांना मी घरी जाऊन विनवले. त्या रडल्या व म्हणाल्या, भोंग्या, माझे हात बांधलेले आहेत गं, पोरीला जरा पोटातून ओरडायला सांग.

६. ती पोटातून ओरडली. तिचा आवाज पार बसला आहे. डॉक्टरांनी तिला मौन पाळण्यास सांगितले आहे. शाळेचे म्हणणे, परवानगी येईपर्यंत तिने किमान तोंड तरी हलवावे, म्हणजे नोंदीत खंड पडणार नाही.

७. आता जे लिहिते ते अर्जात बसत नसल्यास क्षमा असावी. माझ्या सासूबाईंना दिसत नाही. मुलगी रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून पुस्तक वाचून दाखवी. तिचा तो लहानसा आवाज त्या खोलीला अगदी पुरत असे. आता ती नुसती हात धरून बसते. परवा सासूबाईंनी मला विचारले, पोरगी माझ्यावर रुसली का गं? मी उशाशी वाकून उत्तर दिले, पण माझी कुजबूज त्यांच्या थकलेल्या कानांना ऐकू गेली नाही. मुलीचे वडील नोकरीनिमित्त परगावी असल्याने आमच्या घरात आता सांगणारे कोणी उरलेले नाही, आणि आपल्या लेखी मात्र आवाज उपलब्ध आहे. मला याचा फार संताप येतो.

८. तरी कपाटातील ध्वनिक्षेपक लावण्यास ताबडतोब परवानगी द्यावी व माझ्या मुलीचा घसा तिच्या आजीसाठी मोकळा करावा. माझ्या घशाबद्दल डॉक्टरांचे मत असे की, जोर लावून एकदा ओरडता येईल, त्यानंतर जे आहे तेही जाईल. ते एक ओरडणे मी आजवर जपून ठेवले आहे. पुढच्या सोमवारपर्यंत परवानगी न आल्यास मी ते आपल्या कार्यालयात येऊन वापरीन. त्यासाठी ध्वनिक्षेपकाची आवश्यकता भासणार नाही.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेली,

आपली नम्र,
(सही)
भोंगा
दिनांक : १४ जुलै

सोबत :
(१) डॉक्टरांचे प्रमाणपत्र, माझे.
(२) डॉक्टरांचे प्रमाणपत्र, मुलीचे.
(३) मुलीचे म्हणणे, तिच्याच हस्ताक्षरात. सध्या तिला ते सांगता येत नाही.