काम इटलीनं उचललं

पोर्तुगाल

प्रिय बाबा, जयभीम.

फोनवर माझा आवाज बसलेला ऐकून तुम्ही घाबरले, म्हणून लिहून राह्यली. तब्येत ठीक आहे.

जिनेव्हात अणूहून बारीक कण आदळवतात. त्याची माहिती एवढी असते, की देशोदेशीचे कॉम्प्युटर ती वाटून घेतात. त्यातलेच काही इथं आमच्या केंद्रात आहेत. परवा तिथले एसी बंद पडले. कॉम्प्युटर तापून जळू नयेत म्हणून मलेच ते बंद करावे लागले. एका पोरीचं पीएचडीचं काम त्यांच्यावर चालू होतं. पण तिची माहिती इटलीतही ठेवलेली होती. तिथल्या लोकांनी काम उचलून पुरं केलं. पोरगी गळ्यात पडून रडली, मीही रडली.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मले जयामावशीकडून कळलं. काहून लपवलं? तिले यवतमाळले एकटे नेऊ नका, मावशीले सोबत घ्या. मी लांब आहे, पण मले सांगत जा, बाबा.

तुमचीच,
आम्रपाली