कोटांवरून विद्यापीठ

३ जून
ठरलं. या वर्षी ॲडमिशन घ्यायचीच. थेट पोस्ट ग्रॅज्युएशन. मधल्या पायऱ्या लोक उगाच चढत बसतात. नववीत शाळा सुटली हे खरं, पण शाळेने मला सोडलं नव्हतं, मी शाळेला सोडलं होतं. फरक आहे.
कोणतं विद्यापीठ, एवढंच बाकी.

४ जून
या शहरात तीन. तिन्हींच्या लॅबचे पांढरे कोट आमच्याच लॉन्ड्रीत येतात, लाल, निळ्या आणि हिरव्या पिशवीतून. कोट मशीनमध्ये जाण्याआधी खिसे तपासणं हे माझं काम. म्हणजे तिन्हींच्या आतल्या गोटातला माणूस मीच. ज्यांना माहितीपत्रकं वाचावी लागतात त्यांची कीव येते. वहीत तीन रकाने आखले. पट्टी नव्हती, वाकडे आले.

७ जून
आईचा फोन. धाकटीची बीएस्सी झाली, आता पुढे याच तिन्ही विद्यापीठांत तिला जागा मिळतेय. वीस तारखेच्या आत एकाला होकार कळवायचा. आई म्हणाली, तू तिथे आहेस, तूच बघ बाबा, पोरीची दोन वर्षं वाया जायला नकोत. मी म्हणालो, माझ्यासाठी बघतोच आहे, त्यात तिचंही बघतो. आईने एकदम विचारलं, जेवलास का. भारावली असणार.

८ जून
रकाने भरले.
लाल: कोट शुभ्र, खिसे रिकामे. याला म्हणतात शिस्त. पहिला नंबर.
निळी: कोट ठीक. एका कोटाच्या खिशात दर आठवड्याला तोच रजेचा अर्ज निघतो. सही केलेला, न दिलेला. दुसरा नंबर.
हिरवी: बाह्या कोपरापर्यंत जांभळ्या, बटणं गायब, खिशात बिस्किटांचा चुरा आणि चिठ्ठ्या. आजची चिठ्ठी: ‘तुझं रीडिंग चुकलंय. चहाला ये, दाखवते.’ अभ्यास सोडून चहा. बाद.

११ जून
इस्त्रीवाल्या काकांना तक्ता दाखवला. म्हणाले, अरे शहाण्या, न मळलेला कोट म्हणजे न घातलेला कोट. तीस वर्षं इस्त्री करणाऱ्याला संशोधनातलं काय कळणार.

१३ जून, दुपार
सुट्टी होती. लालमध्ये जाऊन आलो. गेट भव्य. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, आधीची डिग्री कोणती. म्हणालो, अनुभव आहे. त्या म्हणाल्या, कशाचा. म्हणालो, तुमच्या कोटांचा. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला परत बघितलं. लॅबला कुलूप. शिपाई म्हणाला, किल्ली सरांकडे, सर वर्षभर परदेशात. केवढी ती सुरक्षा.
फॉर्म आणलाय. त्यात दहावीचं प्रमाणपत्र जोडा असं लिहिलंय. छपाईतली चूक दिसते. पोस्ट ग्रॅज्युएशनला दहावी कशाला.

१५ जून
धाकटीला फोनवर तासभर मार्गदर्शन केलं. लाल घे, म्हणालो. तिचं लक्ष सगळं खिशांत. दादा, हिरव्यातल्या चिठ्ठ्या एकाच अक्षरातल्या का रे? म्हणालो, छे, दहा जणांच्या असतील, एक तर तिथल्या मॅडमच लिहितात, लाल पेनाने. मग म्हणाली, आणि निळ्यातला तो रजेचा अर्ज दिला का त्याने? म्हणालो, कुठला देतोय. कुलपाचं सांगितलं तर खो-खो हसली. पोरीला विषयाचं गांभीर्य नाही.
शेवटी म्हणाली, दादा, तुझा फॉर्म कुठवर आलाय? म्हणालो, आवाज तुटतोय.

१९ जून
हिरव्याला होकार कळवला तिने. आई म्हणाली, तुझ्यामुळेच ठरलं म्हणतेय ती. साहजिक आहे. मी पहिल्यापासून हिरवंच म्हणत होतो. (आठ तारखेचं पान फाडणे.)

२८ जून
माझा फॉर्म अजून टेबलावर. प्रमाणपत्राची चूक त्यांनी सुधारली की भरू.

३ ऑगस्ट
धाकटी येऊन दोन आठवडे झाले. आज हिरव्या पिशवीत तिचा कोट आला. कॉलरला आतून आईने नाव शिवलंय, बाह्या जांभळ्या. खिशात घडी केलेला कागद: बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. सगळा भरलेला, फक्त परीक्षा केंद्र आणि सही बाकी. सोबत चिठ्ठी: ‘दादा, तुझं रीडिंग चुकलंय. रविवारी चहाला ये, दाखवते.’
शहरात केंद्रं तीन आहेत. असे निर्णय घाईत घ्यायचे नसतात. वहीत तीन रकाने आखले. फॉर्म शर्टाच्या खिशात जपून ठेवला.

१० ऑगस्ट
परवा स्वतःचा शर्ट मशीनमध्ये टाकला. खिसा तपासायचा राहिला, फॉर्मचा लगदा. काका म्हणाले, वा रे आतल्या गोटातला.
आज दुपारी हिरवी पिशवी आली. धाकटीच्या कोटात दुसरा फॉर्म. या खेपेला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. केंद्र तिनेच भरलंय. तिला कसं कळलं कोण जाणे.
काका पेन पुढे करून उभेच होते. सही केली. केंद्रावर जाऊन देऊनही आलो, काका सोबत आले म्हणून.
पोस्ट ग्रॅज्युएशनचं पुढच्या वर्षी बघू.