व्यवस्थापनासह सर्वांना

३ मार्च, सोमवार

कोर्स सक्तीचाच. हिशेब खात्यातल्या बाईंनी दुजोरा दिला – कॉलेजात आमची फी भरून झाली आहे, म्हणजे आता सुटका नाही. ‘संगणक व कार्यालयीन सॉफ्टवेअर : प्राथमिक ओळख’. महिनाअखेर परीक्षा. नापास होईल त्याला घरचा रस्ता.

आयुष्यभर बातम्या तपासल्या त्या कागदावर, लाल पेनाने. दुरुस्त्या मशीनवर चढवायला ऑपरेटर होते. गेल्या महिन्यात त्यांना नारळ दिला. आता ज्याला चूक सापडेल त्यानेच ती निस्तरायची, असं नवीन व्यवस्थापकांचं म्हणणं. हे मालकांचे जावई. तोंडावर ‘सर’, पाठीमागे ‘जावईबापू’.

घरी सांगितलं. हे म्हणाले, बरं झालं, आता विजेचं बिल तूच भरशील. मुलीची अजून दोन वर्षं शिक्षणाची, ह्यांचं दुकान कधी चालतं कधी बसतं, घर माझ्या पगारावर उभं – आणि ह्यांना बिल दिसतं!

४ मार्च, मंगळवार

पहिला तास. खोली थंडगार, कारण यंत्रांना उकडतं. आम्हाला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही.

वर्गात सगळी पहिल्या वर्षाची पोरं, आणि ऑफिसातून मी आणि क्रीडा. क्रीडा म्हणजे आमच्या खेळाच्या पानाचा प्रमुख. त्याचं खरं नाव बहुधा त्याच्या बायकोलाच आठवत असेल. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या. मला आधी ‘काकू’ म्हणाल्या, मग जीभ चावून ‘मॅडम’. मी म्हटलं, काकूच बरं, मॅडमला नापास करताना तुम्हाला अवघड जाईल.

माउसवर दोनदा टिचकी मारायला शिकवलं. क्रीडाच्या दोन टिचक्यांमध्ये मध्यंतर होतं. पलीकडचा पोरगा त्याला म्हणाला, काका, जरा पटकन. क्रीडा म्हणाला, बाळा, तुझा जन्म झाला त्या दिवशीचा सामना मी कव्हर केलाय. टिचकी तरीही लागली नाही.

११ मार्च, मंगळवार

आज तक्ते, म्हणजे आकड्यांच्या चौकटी. त्याविषयी न लिहिलेलं बरं.

१३ मार्च, गुरुवार

कमाल झाली. आमच्याकडे पद्धत आहे – ऑफिसातला कुठलाही कागद, मालकांचा असो की कँटीनचा, फलकावर लागण्याआधी आमच्या टेबलावरून जातो. वर्तमानपत्राच्या भिंतीवर चुकीचं वाक्य दिसलं तर लाज जाते, असं मालकांचं जुनं मत. त्यामुळे आज जावईबापूंचा मेल आला. सोबत सूचनेचा मसुदा, वर एक ओळ : ‘भाषा बघून घ्या.’

सूचना अशी – व्यवस्थापन वगळता सर्व कर्मचाऱ्यांना सदर परीक्षा अनिवार्य असून अनुत्तीर्ण कर्मचाऱ्यांस कार्यमुक्त करण्यात येईल.

माझ्याच गच्छंतीचं शुद्धलेखन मीच तपासायचं! क्रीडाला दाखवलं. तो म्हणाला, “फाशीच्या दोराला गाठ नीट बसलीय का ते कैद्याला विचारतायत. तुम्ही मात्र बघालच, बाईसाहेब, गाठ.”

बघणारच. चुकीची गाठ मला सहन होत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आज पहिल्यांदा वर्गात मजा आली. ‘ट्रॅक चेंजेस’ नावाची सोय आहे. आपण जे खोडतो ते लाल होतं, जे घालतो तेही लाल, आणि समासात आपल्या नावानिशी टिपा लिहिता येतात. यंत्राच्या पोटात माझं लाल पेन होतं आणि मला कुणी सांगितलं नाही! बाईंनी गृहपाठ दिला : कुठलाही मजकूर घ्या आणि सुधारा. त्या म्हणाल्या, काकू, तुम्ही हात राखून करा.

हात राखला नाही. मजकूर म्हणून जावईबापूंची सूचना घेतली.

‘कार्यमुक्त’ला टीप : मुक्ती कुणाला? सरळ ‘काढून टाकू’ म्हणा, निदान कळेल.

वाक्याला टीप : हे संपेपर्यंत वाचकाची नोकरी गेलेली असेल.

‘व्यवस्थापन वगळता’ला टीप : का बुवा? – आणि ते खोडून वर ‘व्यवस्थापनासह’.

मग जावईबापूंसाठी वेगळी, सभ्य प्रत केली. दोन स्वल्पविराम, एक अनुस्वार, बस. ‘वगळता’ला हात लावला नाही. पगार हवा आहे मला. दोन्ही फाइली धाडल्या – एक बाईंना, एक सरांना. चहा प्यायले. फार हलकं वाटलं.

१७ मार्च, सोमवार

सकाळी फलकासमोर गर्दी. मला वाटलं कुणी गेलं.

मीच गेले होते. फलकावर सूचना, खाली जावईबापूंची झोकदार सही, आणि समासात लालभडक माझ्या टिपा. प्रत्येकीला माझं नाव.

कसं झालं ते जोडून काढलं. आमच्या टेबलावर कागदांच्या चळतीत सगळ्यात वरचा तो सगळ्यात ताजा, ही जन्माची सवय. फोल्डर उघडलं आणि वरची फाइल उचलली. यंत्र फाइली नावाने लावतं, वेळेने नाही; वर होता तो गृहपाठ. जावईबापूंनी तो मोबाइलवर पाहिला. तिथे टिपा दिसतच नाहीत, मजकूर मात्र सुधारलेला, स्वच्छ दिसतो. ‘छान’ म्हणून शिपायाला पाठवला. शिपायाने छापला तर टिपांसकट छापून आला. त्याला वाटलं, नवी पद्धत असेल. सहीची जागा त्याने बोटाने दाखवली, जावईबापूंनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली.

क्रीडा गर्दीतून माझ्याकडे आला आणि स्वतःचा चहाचा कप त्याने माझ्या हातात दिला.

दुपारी बोलावणं आलं. जावईबापूंनी कागद टेबलावर सरळ केला. विचारलं, हे तुम्ही लिहिलंत?

“हो सर. गृहपाठ होता.”

टिपा एकेक करून वाचल्या. मग म्हणाले, “किती मार्क पडले?”

म्हटलं, शून्य. बाईंकडे तुमची सभ्य प्रत गेली.

हसले नाहीत. उद्या सकाळी मालक येतायत, तेव्हा बघू, एवढंच म्हणाले. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. आज बिलाचं नाव निघालं नाही. मुलीने विचारलं, आई, बाबांच्या दुकानात तुला बसता येईल का? बसता येईल. गिऱ्हाईक टिकेल का, हा प्रश्न आहे.

१८ मार्च, मंगळवार

मालक आले. वय झालंय, पण फलकाशी थांबल्याशिवाय वर जात नाहीत. चष्मा बदलून अख्खी सूचना वाचली, टिपा वाचल्या, एका टिपेशी खुदकन हसले – कुठल्या, ते शिपायालाही सांगता आलं नाही. मग जावयाला खाली बोलावलं. आम्ही सगळे जागच्या जागी कामात गढलो, म्हणजे कान लावून बसलो.

“सही कुणाची?”

“माझी, पण मजकूर –”

“आपल्याकडे सहीखालचं कुणी नाकारत नाही. ‘व्यवस्थापनासह’ म्हटलंय. बसा परीक्षेला.”

मग माझ्या टेबलाशी आले. जाताना फक्त विचारलं, समासातलं ते लाल कसं करतात?

२० मार्च, गुरुवार

जावईबापू वर्गात. शेवटच्या बाकावर. बाई त्यांना ‘काका’ म्हणाल्या. वय चाळीसही नाही त्यांचं! क्रीडाची आजवरची सगळी थकबाकी वसूल.

२५ मार्च, मंगळवार

परीक्षा झाली. पोरं अर्ध्या वेळात उठून गेली. आम्ही तिघं शेवटपर्यंत. जावईबापूंना घाम, तोही त्या थंड खोलीत. एकदा हळूच विचारलं मला, ठळक अक्षर कसं करतात? सांगितलं. सवयीचा दोष. दिसलेली अडचण तशीच सोडत नाही मी.

२७ मार्च, गुरुवार

निकाल. क्रीडा – पास! काठावर, पण पास. मजकुराच्या भागाने तारला. पेढे वाटल्यासारखा फिरतोय.

मी नापास.

लेखनात पैकीच्या पैकी, तक्त्यात भोपळा. बेरजा मी मनात केल्या आणि उत्तरं टाइप केली. सगळी बरोबर. बाईंनी एक आकडा बदलून दाखवला. खालची बेरीज होती तिथेच. त्या म्हणाल्या, “काकू, सूत्र घालायचं असतं. तुम्ही उत्तर घातलंत.” त्यांचेच डोळे भरून आले. म्हणून तर काकूच म्हणा म्हटलं होतं.

जावईबापूही नापास. काम बरं होतं म्हणे. पण फाइल सेव्ह न करताच उठले. आजवर ते कुणीतरी करत आलंय.

सूचनेप्रमाणे दोघांनाही काढून टाकायला हवं. सहीनिशी लिहिलंय. ह्यांना अजून सांगितलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी जावईबापूंचा मेल. नवी सूचना, या वेळी स्वतः टाइप केलेली – प्रत्येक शब्द ठळक. ‘व्यवस्थापनासह सर्व अनुत्तीर्णांना जूनमध्ये पुन्हा बसता येईल. तोवर कुणालाही काढून टाकणार नाही.’ वर तीच ओळ : भाषा बघून घ्या.

दोन चुका आहेत. हात लावला नाही, तशीच परत धाडली. उद्या दहापर्यंत फलकावर लागेल.