जावईबापूंची पुडी

येरमाळा, यात्रेचा दुसरा दिवस

माझ्या कापडविक्रीच्या पालाला लागूनच हकिमाचा तंबू. मर्दानी ताकदीचं भस्म विकतो. दुपारी आतून आवाज आला, थेट आमच्या जावयाचा. "हिरड्यांतून रक्त येतंय."

हकीम म्हणाला, "येऊ द्या, दवा लागू पडतेय. कुणाजवळ बोललात तर असर जाईल."

जावयाशी असलं बोलावं तरी कसं? पण संध्याकाळी ते माझ्या पालात जेवायला बसले, तेव्हा बघवेना. दुधात कुस्करलेली भाकरीही त्यांना गिळेना, दूध लाल झालं. शेवटी म्हणालो, "बापू, ती भस्माची पुडी फेका. पारा असतो त्यात."

मान खाली घालून म्हणाले, "फेकतो, आबा. पण मूल न्हाय झालं तर आई माझं दुसरं लगीन लावणार. तुमच्या लेकीला काय सांगू?"

दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबडणारा मी. दुसरी वाटी दूध आणायला उठलो.