बोली न लागलेली बरणी

२२ ऑक्टोबर २०२५

ती. भुजंगमामा यांस,

आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. ५ ऑक्टोबरच्या रविवारी इथल्या चर्चच्या मंडळीत कापणीचा सण झाला. सणात लिलाव ठेवावा ही कल्पना माझी.
२. लिलाव मी पुकारला. पद्धत तुमची.
३. टेबलावर मुरंब्याची एक बरणी होती. तिच्यावर बोली लागली नाही, म्हणून ती मीच घेतली.
४. घेतलेला माल तिथल्या तिथे वाटायचा, या आपल्या रिवाजाप्रमाणे मी ती उघडली आणि सगळ्यांना एकेक चमचा वाटला.
५. बरणी लिलावासाठी नव्हती.
६. ज्यांची होती त्यांनीही एक चमचा खाल्ला. त्यानंतर ते चर्चला आलेले नाहीत.

आता रीतीप्रमाणे. तुम्हाला आणि अंबडच्या सगळ्या मंडळीला माझा मनापासून सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? शेजारच्या कमरबी चाचींनी सांगितलेलं तेल लावता की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिच्याकडे बघता? चाचींनाही सलाम सांगा. त्या तुमच्यासाठी रोज कालवण पाठवतात असं कळलं. निदान डबा धुऊन परत करत जा. माझी तब्येत ठीक आहे. वजन वाढलं आहे, कारण इथे बटाटे आहेत.

हे पत्र मी कागदावर लिहून त्याचा फोटो फहीमभाईंच्या मोबाईलवर पाठवणार आहे. ते दुकान आवरताना तुम्हाला वाचून दाखवतील. फोन का केला नाही असं तुम्ही विचाराल. मागच्या वेळी केला होता. तेव्हा मोंढ्यात सोयाबीनची बोली पुकारता त्याच आवाजात तुम्ही म्हणालात, 'हां पोरी, ऐकून राह्यलो, बोल.' मी एक वाक्य बोलले. त्यावर तुम्ही, 'मंग सगळं बराबर हाय ना? ठेवतो, तुझा खर्चा व्हतो,' असं म्हणून फोन ठेवलात. खर्च होत नाही हे मी तुम्हाला समजावून थकले आहे. शिवाय तुमच्या आवाजामुळे माझं उत्तर सोडून बाकी सगळं संभाषण गल्लीला ऐकू जातं. (फहीमभाई, कंसातला मजकूर मोठ्याने वाचू नका असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तुम्ही ते वाक्यसुद्धा वाचून दाखवलंत असं समजलं. असो.)

इथे माझं काम काय चालतं हे मंडळीला नीट माहीत नाही, तेही सांगून टाकते. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये मी भट्टीच्या तापमानाची उपकरणं सांभाळायचे, बाराशे अंशांच्या शेजारी बसून डबा खायचे, हे मिशनच्या अर्जात लिहिलं होतं. अर्ज वाचणाऱ्याने त्या ओळीखाली रेघ मारली आणि मला फिनलंडच्या उत्तरेला पाठवलं. मला वाटलं, त्यामागे काही आत्मिक कारण असेल. जानेवारीत या गावात पोचले तेव्हा कळलं की चर्चचा बॉयलर सांभाळणारा माणूस निवृत्त झाला होता. माझ्या सेवेचा मोठा भाग तळघरात होतो. उरलेल्या वेळात मी म्हाताऱ्यांना पवित्र शास्त्र वाचून दाखवते (माझे उच्चार ते सहन करतात), पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने काढते आणि कॉफी पिते. आजवर माझ्यामुळे कोणाचं मन पालटलेलं नाही. मंडळीत सगळे मिळून एका ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसतील एवढेच आहेत, आणि ते माझ्या आधीपासून विश्वासणारे आहेत. निघताना स्टेशनवर तुम्ही म्हणाला होतात, 'ज्या गोऱ्यांच्या दुकानातून माल घेतला त्याच दुकानात इकायला चालली व्हय?' तेव्हा मी रागावले होते. आता मला तुमचं म्हणणं पटतं. फक्त दुकानात गिऱ्हाईक फार कमी आहे, एवढं तुम्हाला माहीत नव्हतं.

तर हंगामाच्या वेळी पाळकबाईंनी (इथे पाळक बाई आहेत, हे मंडळीत हळूहळू सांगा) मला विचारलं की तुमच्याकडे कापणीचा सण कसा करतात. मी सांगितलं. लोक पहिलं पीक आणून टेबलावर ठेवतात, पाळक प्रार्थना करतात आणि मग माझे मामा उभे राहून लिंबूसुद्धा अशा भावाला विकतात की घेणाऱ्याला वर्षभर त्याचा अभिमान वाटतो. बाईंना ते आवडलं. मी तयारीही केली. तुमचं ते 'पाव्हणं, एवढी मोठी मंडळी बसलीय आन् या भोपळ्याला कोणीच वाली न्हाई का?' हे वाक्य मी इथल्या भाषेत पाठ केलं. पण त्याचा उपयोग झाला नाही. इथे एकाने बोली लावली की बाकीचे मान खाली घालतात. त्याला हवं आहे तर आपण मध्ये कशाला पडायचं, असं त्यांचं म्हणणं. बटाटे पहिल्या बोलीला गेले, गाजरं पहिल्या बोलीला गेली, विणलेले मोजे पहिल्या बोलीला गेले. मी पाणी पिण्याआधीच लिलाव संपत आला होता. तुम्ही असता तर टेबल उलटं केलं असतं.

शेवटी राहिली बरणी. इथल्या दलदलीत नारिंगी रंगाचं, तुतीएवढं एक फळ येतं, त्याचा मुरंबा. मी पुकारलं. सगळे गप्प. पुन्हा पुकारलं. सगळे गप्प. आता इथले लोक एरवीही गप्पच असतात, हे लक्षात घ्या. माझ्यासमोर बसलेल्या एइनोआजोबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला वाटलं, जांभई असेल. टेबलावरच्या वस्तूला कोणीच वाली नाही असं व्हायला नको, नाहीतर देणाऱ्याचा अपमान होतो, हे तुम्ही मला लहानपणी शिकवलंत. म्हणून मी स्वतःच बोली लावली, स्वतःच तीन वेळा पुकारलं आणि स्वतःलाच दिली. मग झाकण उघडलं, चमचे मागवले आणि पहिल्या रांगेपासून वाटायला लागले. सगळ्यांनी खाल्लं. एइनोआजोबांनीही खाल्लं. 'आभारी आहे,' असं म्हणाले. मी त्यांना आणखी एक चमचा हवा का असंही विचारलं. ते नको म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. बरणी मी धुऊन ठेवली. खालच्या कपाटात आहे.

खरी गोष्ट मला आठवड्याने कळली, तीही चर्चच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना. तिथलं सगळं पाहणाऱ्या हेल्मीबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं की तो मुरंबा एइनोच्या बायकोने केलेला होता. ती फेब्रुवारीत वारली. दरवर्षी ती एक बरणी सणाला आणायची, टेबलावर ठेवायची, आशीर्वाद झाला की परत घरी न्यायची आणि नाताळात उघडायची. या वर्षी एइनोने तसंच केलं. ती शेवटची होती. मी विचारलं, हे सगळ्यांना माहीत होतं का. हो, म्हणाल्या. मग तुम्ही का खाल्लंत? त्या म्हणाल्या, 'तू दिलंस.' आणि पुढचा बटाटा घेतला.

मामा, एइनोआजोबा माझे कोण, हेही लिहायला हवं. हिवाळ्यात मी तळघरात काम करत असले की ते कॉफीचा थर्मास घेऊन खाली यायचे आणि स्टुलावर बसायचे. बोलायचे नाहीत. कुठला व्हॉल्व्ह अडकतो आणि त्याला कुठे ठोकायचं, एवढंच बोटाने दाखवायचे. त्यांच्या बायकोच्या दफनाच्या दिवशी बॉयलर बंद पडला होता, म्हणून मी दिवसभर खालीच होते आणि वर जाऊन त्यांना भेटले नाही. दुसऱ्या दिवशी तेच थर्मास घेऊन खाली आले. या देशात माझ्याजवळ रोज कोणी बसत असेल तर ते एकटेच होते. आता स्टुलावर मी हत्यारांची पेटी ठेवते, कारण ते रिकामं दिसतं.

ऐकल्यावर मी काय केलं तेही लिहिते, म्हणजे तुम्हाला इतरांकडून कळायला नको. (इतर कोण कळवणार, पण तरी.) मी तोच मुरंबा करायचं ठरवलं. फळाचा हंगाम ऑगस्टमध्येच संपला होता, म्हणून गोठवलेलं फळ आणलं. भट्टीसाठी वापरतो तसा तापमापक पातेल्यात सोडला आणि पाक अर्ध्या अंशाचाही फरक न होऊ देता उतरवला. मुरंबा तांत्रिकदृष्ट्या निर्दोष झाला. चव औषधासारखी. तरीही मी तो गरम असतानाच काचेच्या बरणीत भरला, बरणी कापडी पिशवीत घातली आणि पिशवी आजोबांच्या दाराच्या मुठीला लटकवायला गेले. बाहेर उणे नऊ होतं. गरम काच एकदम थंड हवेत नेली की काय होतं, यावर डिप्लोमाला मला पैकीच्या पैकी गुण होते. मी मागे वळले आणि टक् असा आवाज झाला. पिशवीतून मुरंबा दारावर ओघळायला लागला. आत दिवा लागला. मी पळाले.

आता आपल्याकडे माणूस पळाला तर धुळीत हजार पावलं असतात, कोण कोणाचं बघतं? इथे ताज्या बर्फात माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत एक सरळ ओळ होती, आणि परतीची ओळ लांब लांब टांगांची, मध्ये एका जागी मी पडले त्याच्या पूर्ण आकारासह. ती दोन दिवस तशीच राहिली. टपालवाला तिच्या कडेने सायकल हातात धरून चालला. तिसऱ्या दिवशी हेल्मीबाई मला एवढंच म्हणाल्या की तुझ्या बुटांचा नंबर लहान आहे, गावात तेवढा लहान दुसऱ्या कोणाचा नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून त्या हसत होत्या की नाही हे सांगता येत नाही. आजोबांचं दार मात्र पुसलेलं होतं. पिशवी धुऊन, घडी घालून चर्चच्या पायरीवर ठेवलेली होती. आत काही नव्हतं. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. इथे काय रीत आहे, मला माहीत नाही. मी ती पिशवी उलटी करूनही पाहिली.

पाळकबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, त्याला एकटं राहू दे, आमच्याकडे असंच असतं. आपल्याकडे कोणाचं असं काही झालं की आधी चार बाया जाऊन बसतात, चहा होतो, रडणं होतं, मग बाकीचं. मी दोन्हीपैकी कुठलीच गोष्ट करू शकत नाही. रोज सकाळी त्यांच्या धुराड्यातून धूर निघतो का ते बघते. निघाला की बॉयलरकडे जाते. कामात चुका व्हायला लागल्या आहेत. काल मी दाबाचा आकडा दोनदा चुकीचा लिहिला. मिलमध्ये असं कधी झालं नव्हतं.

आणि १ नोव्हेंबरच्या शनिवारी इथे वर्षभरात वारलेल्यांची नावं चर्चमध्ये वाचतात. प्रत्येक नावाला घरचं माणूस पुढे येऊन मेणबत्ती लावतं. आजोबांना मूलबाळ नाही. ते आले नाहीत तर त्यांच्या बायकोची मेणबत्ती मी लावावी असं पाळकबाईंनी सांगितलं आहे. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

बाकी सगळं ठीक आहे. गुडघ्याला जपा. मोंढ्यात दुपारी उन्हात उभे राहू नका.

तुमची भाची,
सुवार्ता

ता. क. १: हे पत्र उपासनेत वाचायचं नाही. मंडळीच्या सेक्रेटरींनी विचारलंच तर काम बरं चाललं आहे आणि थंडी आहे, एवढं सांगा. दोन्ही खरं आहे.

ता. क. २: मुरंब्याचं निमित्त करून मी परत यायचं बघते आहे असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. करार पुढच्या डिसेंबरपर्यंत आहे आणि बॉयलर माझ्याशिवाय चालणार नाही.

ता. क. ३: फहीमभाई, इथून पुढचं तुम्ही वाचू नका, मोबाईल मामांच्या हातात द्या. मामा, चष्मा सदऱ्याच्या खिशात असतो. अक्षरं बोटांनी मोठी करता येतात, फहीमभाई दाखवतील.

मागच्या वर्षी इकडे निघण्याआधी मी तुमच्याकडे राहायला आले होते. तेव्हा आमटीसाठी मी वरच्या फळीवरचा उषामामीने कुटलेल्या येसूरचा डबा काढला. तुम्ही मोरीत पाय धूत होतात. तिथूनच म्हणालात, 'त्यो राहू दे. पुडीतला घे.' मी डबा जागेवर ठेवला. मनात म्हटलं, मामीला जाऊन दोन वर्षं झाली, मसाल्याचा वास केव्हाच उडाला असेल, हे यांना सांगावं. सांगितलं नाही.

समजा तुम्ही घरी यायच्या आत मी तो डबा आमटीत रिकामा केला असता, आणि तुम्ही जेवायला बसून पहिला घास घेतला असता. तुम्ही एक शब्द बोलला नसता, हे मला माहीत आहे. पण त्यानंतर मी तुमच्यासमोर यावं असं तुम्हाला वाटलं असतं, की काही दिवस दिसू नये असं? आले असते तर काही बोलायला हवं होतं, की नुसतं बसायचं? त्या मेणबत्तीला माझा हात लागलेला तुम्हाला चालला असता का? इथे हे मी कोणाला विचारू शकत नाही, आणि आपल्या लोकांत गेलेल्या बायकोच्या हातचं असं जपून ठेवणारे माझ्या ओळखीचे तुम्ही एकटेच आहात. तुमचं मन राखण्यासाठी मी विचारत नाही. मला खरंच माहीत नाही.

नावं वाचण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मला आजोबांच्या दारात जायचं की नाही हे ठरवायचं आहे. तुम्ही 'जा' किंवा 'नको' एवढंच सांगितलंत तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही. फहीमभाईंकडून नाही, स्वतः बोला. आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो.

गुरुवार, ३० ऑक्टोबरपर्यंत उत्तर कळवावं.